पूर्ण भाव

मास्कला स्ट्रॉबेरीचा वास होता.
एफीने तीन श्वास घेतले, चौथ्याला माझ्याकडे पाहिलं
आणि मांडीवर एकदम जड झाली,
ओल्या जाळ्यासारखी.
वीस वर्षं मी जाळी ओढतो आहे.
इतकं जड काही कधी उचललं नव्हतं,
आणि हे तर त्यांनी माझ्याकडून उचलून नेलं.

स्टोर्नोवेला पाऊस आडवा येतो.
खिडकीजवळच्या खुर्चीत बसून
मी कागदावरची माझी सही आठवत राहिलो :
सात दात.
दुधाचेच, म्हणाले, कधीतरी पडणारच होते.
पण पडणं वेगळं. कुणी काढणं वेगळं.
दर शुक्रवारी बोटीवरून उतरताना
माझ्या खिशात टॉफीची पुडी असायची.
आई नसलेल्या घरात बाप परत येतो
त्याला काहीतरी चव हवी, असं मला वाटायचं.

मग दार उघडलं, आणि तो आवाज.
तिचाच, पण तिच्यातून न येणारा.
डोळे सताड उघडे, आत कोणी नाही.
उशीवर गुलाबी डाग. हातावरच्या नळीला हिसके.
तिने मला लाथ मारली, अनोळखी माणसाला मारावी तशी,
आणि माझ्याच तोंडावर ओरडली,
"बाबांना बोलवा!"

मी म्हटलं, मी आहे ना.
"तुम्ही नाही!"

शोनाज नावाची नर्स, चष्मा दोरीला बांधलेला,
दिवा मंद करत म्हणाली,
"हा राग नाही. झोप अर्धीच उतरली आहे.
धरा तिला, पण घट्ट नको.
काही समजावू नका, नुसते बोलत राहा."
काय बोलू? मी हवामान सांगू लागलो.
वारा नैऋत्येचा. लाट मध्यम.
दुपारनंतर उघडीप, बहुधा.
"तिला यातलं काही आठवणार नाही," शोनाज म्हणाली.
मग उशीचा अभ्रा बदलता बदलता,
"तुम्हाला आठवेल."

किती वेळ गेला ठाऊक नाही.
लाटेला भरती संपल्याचं जसं उशिरा कळतं, तसं
रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके श्वासावर,
आणि एक बोट चाचपडत माझ्या कानाच्या पाळीशी आलं.
पाळी धरल्याशिवाय ती झोपत नाही, तान्ही होती तेव्हापासून.
मी हललो नाही. हवामानही थांबवलं.

"माझा ओठ कुठे गेला?"
येईल परत. तोवर चावू नकोस.
तिने केशरी बर्फाची कांडी चोखली, अर्धी गालावर सांडली,
मग एकदा ओकली, तपकिरी.
माझी दातखिळी बसली.
शोनाजने टोपली पुढे केली, "गिळलेलं रक्त आहे, जुनं.
आलं ते बरं झालं."

घर सव्वीस मैल, सगळी वाट पीटच्या काळ्या माळातून.
मागच्या सीटवर ती, मांडीवर पातेलं,
मुठीत कागदी पाकीट, प्रत्येक वळणाला खुळखुळणारं.
बार्वसच्या पुढे तिने विचारलं,
जडशा, कुणा दुसरीच्या वाटणाऱ्या जिभेने,
"परी किडक्या दातांना कमी पैसे देते का?"

आता मी लॉबस्टर विकणारा माणूस.
एक नांगी तुटलेली असली की व्यापारी निम्मा भाव देतो,
हे तिने माझ्याच तोंडून ऐकलेलं.
मी वायपर जोरात केला. म्हटलं, नाही गं.
पूर्ण भाव. सातांचे सात.
"मग तिला माहीत नसेल."
माहीत आहे, मी म्हटलं. तरी देते.

दारात शेजारच्या पेगीने कस्टर्ड ठेवलं होतं, वर बशी, बशीवर दगड.
कोमट करून चार चमचे. पाचव्याला मान फिरवली.
दुखण्याचं औषध सहाला, पुढचं बाराला.
मी खडूने दारावर लिहून ठेवलं, भरतीची वेळ लिहितो तिथेच.

आज रात्री बोट माझ्याशिवाय गेली.
कपाटातली टॉफीची पुडी मी बाहेर काढली,
टाकायला म्हणून. अजून टेबलावर आहे.
एफी झोपली आहे, तोंड थोडं उघडं.
डोळा लागण्याआधी म्हणाली,
"मी तिथे झोपले तेव्हा तू कुठे होतास?"
खिडकीजवळ.
"आणि मी?"

बारा वाजायला वीस मिनिटं आहेत.
कान तिच्या हातात आहे, मान अवघडली आहे.
उत्तर शोधतो आहे.